नॉर्वेतला पहिला १७ मे: खान्देशातून निघणाऱ्यांसाठी

गेल्या दोन-तीन वर्षांत धुळ्याचं, शहाद्याचं, अमळनेरचं कुणी ना कुणी नॉर्वेला निघण्याआधी आमच्या नंदुरबारच्या घरी येऊन जातं. तूरडाळ मिळते का, थंडी किती, मुलांना कोणत्या वर्गात बसवतात, असं सगळं विचारतात. ते सांगून झालं की मी एकच प्रश्न विचारते, "पहिल्या १७ मेला तुम्ही काय करणार?" तो नॉर्वेचा राष्ट्रीय सण आहे हेच बहुतेकांना माहीत नसतं. सहा वर्षांसाठी आम्ही स्टावांगेरला गेलो तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

पहिल्या वर्षी आम्ही तिघं फुटपाथवर उभे राहिलो, मिरवणूक बघितली, फोनमध्ये फोटो भरून घेतले आणि साडेबाराला घरी येऊन खिचडी लावली. अख्खं शहर रस्त्यावर होतं, पण आम्ही एका माणसाशीही धड बोललो नव्हतो. संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं, तर ती अहिराणीत एवढंच म्हणाली, "बशी नको ऱ्हाऊ माय, हात लाव." आमच्याकडे लग्नात, भंडाऱ्यात हेच चालतं. पंगतीत बसलेला माणूस पाहुणा असतो, वरणाची बादली हातात घेतली की तो गावचा होतो. दुसऱ्या वर्षापासून मी तिथे बादली शोधायला लागले आणि ती सापडली. ती कुठे असते, कधी मागायची, कशी उचलायची, ते पुढे सांगते आहे.

आधी दिवस समजून घ्या

नॉर्वे जवळजवळ ४०० वर्षं डेन्मार्कच्या राजाखाली होता. १८१४ च्या जानेवारीत युद्धाच्या तहात तो स्वीडनच्या हवाली झाला. त्या धामधुमीत आइड्सव्होल या गावी प्रतिनिधी जमले आणि त्यांनी स्वतःची राज्यघटना केली. तिची तारीख १७ मे १८१४. स्वीडनशी जोडलेपण पुढे १९०५ पर्यंत चाललं, पण घटना टिकली आणि सण झाला तो घटनेच्या तारखेचा. म्हणजे आपल्या १५ ऑगस्टपेक्षा २६ जानेवारीशी त्याचं नातं जास्त जवळचं आहे.

मात्र तिथल्या संचलनात रणगाडे नसतात. मिरवणूक मुलांची असते, तिला 'बार्नेतोग' म्हणतात. १८७० मध्ये राजधानीत शाळकरी मुलांची पहिली मिरवणूक निघाली, तेव्हा फक्त मुलगे होते. मुली आल्या १८८९ मध्ये. आज ओस्लोत शंभराहून अधिक शाळांची मुलं राजवाड्यासमोरून जातात आणि राजघराण्यातली माणसं सज्जात उभी राहून त्यांना हात हलवतात. गावोगावी हेच लहान प्रमाणात होतं.

नंदुरबारच्या माणसाला हे वाचून जे आठवेल तेच मला त्या रस्त्यावर आठवलं. ९ सप्टेंबर १९४२ ला आमच्या गावात हातात तिरंगा घेतलेल्या मुलांची मिरवणूक निघाली होती. पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि शिरीषकुमार मेहता व त्याचे चार साथीदार गेले. शिरीषकुमार तेव्हा १५ वर्षांचा होता. माणिक चौकातल्या त्या स्मारकावरून मी रोज शाळेत जायचे. हातात झेंडा घेतलेलं मूल ही काय चीज आहे, हे नंदुरबारकराला वेगळं शिकवावं लागत नाही. ही आठवण जपून बरोबर न्या. पुढे ती कामाला येते.

एप्रिल: दुगनादला जा

एप्रिलच्या मध्याला इमारतीच्या जिन्यात किंवा तुमच्या मेलमध्ये एक सूचना येईल, तिच्यात 'दुगनाद' हा शब्द असेल. सगळ्यांनी मिळून बिनपैशाचं काम करायचं, असा त्याचा अर्थ. बर्फावर टाकलेली खडी झाडून काढणं, पालापाचोळा उचलणं, बाकांना रंग देणं, कुंपण सारखं करणं. १७ मेच्या आधी परिसर लख्ख हवा, म्हणून हा मुहूर्त. यायलाच हवं असं सूचनेत लिहिलेलं नसतं, पण कोण आलं आणि कोण नाही हे सगळ्यांच्या लक्षात राहतं.

दिलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी खाली उतरा. हातमोजे स्वतःचे न्या, जुने कपडे घाला. भाषा येत नसली तरी फावडं चालवता येतं. काम संपल्यावर कॉफी आणि गोड पाव असतो. तो खायला थांबाच, कारण १७ मेची सकाळ कुणाकडे, किती वाजता, हे तिथेच ठरत असतं. आपणहून कुणी बोलावेल याची वाट बघू नका. नॉर्वेची माणसं प्रेमळ आहेत, पण दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायला त्यांना संकोच वाटतो. "आम्ही इथे नवीन आहोत. १७ मेच्या न्याहारीला आम्हीही येऊ का, काय आणू?" असं इंग्रजीत सरळ विचारा. मी विचारलं तेव्हा समोरच्या बाईंचा चेहरा उजळला. आम्हाला आवडेल की नाही या विचाराने त्या वर्षभर गप्प होत्या.

शाळेचा कागद

मुलं शाळेत असतील तर मे लागताच शाळेकडून पत्र येतं. मुलांनी किती वाजता कुठे जमायचं, कोणत्या वर्गाचा क्रम कितवा, कोणत्या वर्गाच्या पालकांकडे कोणतं काम. बहुतेक शाळांत दुपारचा कार्यक्रम पालकच चालवतात. केक आणणं, कॉफी विकणं, सॉसेज गरम करणं, खेळ घेणं, शेवटी मैदान आवरणं. वेळांचा तक्ता असतो, त्यात नाव लिहायचं.

माझं ऐकाल तर कॉफीचं टेबल घ्या. खेळांच्या ठिकाणी मुलांना भराभर सूचना द्याव्या लागतात, त्याला भाषा लागते. सॉसेजच्या टेबलावर शाकाहारी माणसाची पंचाईत होते. कॉफीला मात्र गावातला प्रत्येक मोठा माणूस येतो, आणि "काफ्फे?", "मेल्क?" (दूध?) एवढ्या दोन शब्दांवर तासभर निघतो. पंपाचा मोठा थर्मास, कागदी पेल्यांची चळत, वरच्या दांड्यावर तळहात दाबला की काळी कॉफी उसळून पेल्यात पडते. दहाव्या पेल्यापर्यंत माझा हात बसला, विसाव्याला माणसं माझं नाव विचारायला लागली, आणि तास संपायच्या आत मुलीच्या वर्गातल्या अर्ध्या आया मला चेहऱ्याने ओळखत होत्या. वर्षभर शाळेच्या फाटकाशी उभं राहून जे झालं नव्हतं ते एका तासात झालं.

पैशांचं आधी बघून ठेवा. अशा टेबलांवर लोक 'व्हिप्स' नावाच्या मोबाइल ॲपने पैसे देतात. त्याला नॉर्वेतलं बँक खातं लागतं आणि नवीन माणसाचं खातं उघडायला वेळ जातो. ते झालं नसेल तर थोडी रोकड जवळ ठेवा. जमलेला पैसा वर्गाच्या सहलीला किंवा शाळेच्या बँडला जातो, तेव्हा लॉटरीची चार तिकिटं जरूर घ्या.

काय घालायचं, काय धरायचं

त्या दिवशी अर्ध्याहून जास्त बायका आणि बरेच पुरुष 'बुनाद' घालतात. भरतकामाचा लोकरी पोशाख, त्यावर चांदीचे दागिने. प्रत्येक भागाचा बुनाद वेगळा, रंगावरून आणि भरतकामावरून माणूस कुठल्या खोऱ्यातला ते कळतं. एकेकाची किंमत लाखांच्या घरात जाते आणि तो आजीकडून नातीकडे येतो. म्हणून तसा दिसणारा स्वस्तातला पोशाख विकत घेऊन घालू नका, अनेकांना ते खटकतं. साडी नेसा, झब्बा घाला. आपापल्या देशाचे चांगले कपडे घालून आलेल्या माणसांकडे तिथे कौतुकाने बघतात. दुसऱ्या वर्षी मी आईची पैठणी नेसले, आतून लोकरी बनियन आणि जाड मोजे. इकडे त्या दिवसांत पारा ४२ च्या वर असतो, तिकडे दहा-बारा अंश आणि पाऊस. पातळ साडी नि चपला घालून दोन तास उभं राहिलात तर पुढचे चार दिवस अंथरुणात जातील. छत्री आणि मुलांचे रेनकोट घ्याच.

बुनाद घातलेल्या कुणाशीही बोलणं सुरू करायचं असेल तर एकच प्रश्न पुरतो: "हा कुठला?" आपल्याकडे एसटीत शेजारच्याला "कोन गावना शेतस?" विचारलं की पुढचा तास कसा जातो कळत नाही, तसंच होतं. भरतकामाला न विचारता हात मात्र लावू नका.

लाल-पांढऱ्या-निळ्या फितीचं छोटं फूल दुकानात मिळतं. ते डाव्या बाजूला, छातीवर टाचायचं. हातात नॉर्वेचा छोटा झेंडा. तो जमिनीला टेकू द्यायचा नाही, केकमध्ये खोचलेला कागदी असला तरी पायदळी पडू द्यायचा नाही. इमारतीवरचे झेंडे सकाळी ८ ला चढतात आणि सूर्यास्ताला, फार तर रात्री ९ ला उतरतात. उतरवताना घडी घालायला हात मागत असतील तर पुढे व्हा. आपला तिरंगा त्या दिवशी नेऊ नका असं मी सांगते. कुठे चालतं, कुठे त्यावर वाद होतात. तो दिवस त्यांचा आहे, आपले दोन दिवस आपल्याला आहेतच.

न्याहारीसाठी काय न्यावं

इथे मी जास्त सांगणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

१७ मेची सकाळ शेजाऱ्यांच्या किंवा मित्रांच्या एकत्र न्याहारीने सुरू होते. प्रत्येक घरातून एक पदार्थ येतो. टेबलावर गोल पाव, अंडाभुर्जीसारखी मऊ अंडी, धुरावलेला सॅल्मन मासा, चीज, स्ट्रॉबेरी, साय फेटून लावलेला केक आणि बदामाच्या कड्यांवर कडी रचून केलेला 'क्रान्सेकाके'. शाकाहारी असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. केकमध्ये आणि क्रान्सेकाकेमध्ये अंडं असतंच. आणि थरथरणारी लाल-हिरवी जेली जिलेटिनची असते, म्हणजे प्राण्यांच्या हाडाकातड्याची. दुपारच्या सॉसेजमध्ये बहुधा डुकराचं मांस असतं. 'स्वीन' म्हणजे डुक्कर, 'स्तूरफे' म्हणजे गाईगुरांचं मांस. "वेगेतार" म्हटलं की शाकाहारी कळतं. सॉसेज ज्यात गुंडाळतात ती बटाट्याची मऊ पोळी, 'लोंपे', मात्र आपल्याला एकदम जमते. आम्ही ती चीज लावून खायचो, पर्समध्ये नंदुरबारच्या मिरचीची चटणी असायचीच.

आपण काय न्यायचं? शेवभाजी, भरीत, फौजदारी डाळ, यातलं काहीही पहिल्या वर्षी नको. सकाळी नऊला तिखट त्यांच्या घशाखाली उतरत नाही, रस्सा बुनादवर सांडला तर काय होईल ते सांगायला नको. पदार्थ कोरडा, हाताने उचलता येणारा, फार तर गोड असावा. मी सांजोऱ्या नेल्या. १७ मे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास येतो, आखाजीला सांजोरी नाही असं आमच्याकडे घर नाही, म्हणून दुसरं काही सुचलंच नाही.

१६ तारखेच्या रात्री साडेनऊला करायला बसले तेव्हा खिडकीत अजून उजेड होता. रवा तुपावर खमंग भाजला, गुळाऐवजी साखर घातली, कारण तिथल्या जिभेला गुळाचा वास अनोळखी असतो. वेलदोडा निम्मा. पारी मैद्याची, आकार नेहमीपेक्षा लहान, दोन घासांत संपेल एवढा. कडा मुरडताना आईचा हात आठवून दोनदा थांबले. तेल मंद ठेवून बदामी रंगावर तळल्या आणि रात्रभर कागदावर निथळत ठेवल्या. चाळीस केल्या, न्याहारीला सोळा माणसं होती, एकही उरली नाही.

ताटाशेजारी एक चिठ्ठी ठेवा, हे विसरू नका. मुलांच्या ॲलर्जीबाबत तिथले पालक फार काटेकोर असतात. 'वेते' म्हणजे गहू, 'मेल्क' म्हणजे दूध, 'नोत्तेर' म्हणजे काजू-बदामासारखा सुकामेवा. काय आहे ते लिहा, काय नाही तेही लिहा. माझ्या चिठ्ठीवर "गहू, दूध. सुकामेवा नाही" असं नॉर्वेजियनमध्ये लिहिलं होतं. ती वाचूनच एका आईने मुलाच्या हातात सांजोरी दिली.

सांजोऱ्यांचा खटाटोप नको असेल तर जळगावचे केळ्याचे वेफर्स किंवा घरचे बिबडे न्या. उन्हाळ्यात गच्चीवर घातलेले ज्वारीचे बिबडे तिथे तळून नेले आणि ते कसे वाळवतात याचा फोटो दाखवला तर अर्धा तास गप्पा होतात. दुकानं १७ तारखेला बंद असतात, सामान आधीच भरा.

न्याहारीला फेसाळती वाइन फिरते. नको असेल तर "नाय ताक" म्हणा, कारण सांगत बसावं लागत नाही. सफरचंदाचा रस असतोच.

चार वाक्यं पाठ करा

"ग्रातुलेरेर मे दागेन." दिवसाच्या शुभेच्छा. वाढदिवसालाही हेच म्हणतात, आणि १७ मेला ते सगळे एकमेकांना म्हणतात, जणू सगळ्यांचाच वाढदिवस आहे. जिन्यात, बसमध्ये, दुकानाच्या बंद दारासमोर, कुणालाही म्हणा. तुम्हाला कुणी आधी म्हटलं तर उत्तर, "ई लीके मोते", म्हणजे तुम्हालाही. निघताना "ताक फोर ई दाग", आजच्या दिवसासाठी आभार. चौथं वाक्य नंतर लागतं, ते शेवटी सांगते.

राष्ट्रगीताला आठ कडवी आहेत, सहसा पहिलं, सातवं आणि आठवं म्हणतात. गाता आलं नाही तरी चालेल. उभं राहा, टोपी काढा, फोन खिशात ठेवा. पहिलं कडवं पाठ केलंत तर शेजारचा माणूस ते विसरणार नाही. कुणी "हिप हिप" म्हटलं की मोठ्याने "हुर्रा". आवाज चोरू नका.

१७ मे, सकाळपासून

आठला झेंडा चढतो तिथे हजर राहा. पुष्कळ ठिकाणी त्यानंतर युद्धातल्या मृतांच्या स्मारकाला पुष्पचक्र वाहतात आणि थोडक्यात भाषण होतं. लोक कमी असतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं. नवीन माणसं तिकडे फिरकत नाहीत, पण जा. एप्रिल १९४० ते ८ मे १९४५ नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात होता आणि १७ मे साजरा करायला बंदी होती.

आमच्या जिन्यातल्या आजींनी मला तिथेच सांगितलं की, त्यांच्या आईने ती पाच वर्षं घरचा झेंडा गोठ्याच्या माळ्यावर गवताखाली ठेवला होता. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे असा दिवस असतो?" मी शिरीषकुमारची गोष्ट सांगितली. इंग्रजी मोडकं होतं, पण "पंधरा वर्षांचा" म्हटल्यावर आजींनी माझा हात धरला आणि मिरवणूक सुरू होईपर्यंत सोडला नाही. १५ ऑगस्टची सनावळी कुणी विचारत नाही. आपल्या गावची एक खरी गोष्ट तयार ठेवा, तीन-चार वाक्यांत सांगता येईल एवढी. अमळनेरचे असाल तर तिथे शिकवणारे साने गुरुजी आहेत. फैजपूरचे असाल तर १९३६ चं काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन आहे.

मग न्याहारी, मग मुलांची मिरवणूक. मूल वर्गाबरोबर चालतं. आपण कुठे उभं राहायचं, बरोबर चालायचं का, हे गावागावात वेगळं असतं, शाळेच्या पत्रात बघा. आपलं मूल दिसलं की झेंडा हलवा, इतरांच्या मुलांनाही हुर्रा करा. दुसऱ्यांच्या मुलांचे जवळून फोटो काढून कुठे टाकू नका, आधी विचारा. पहिल्या वर्षी मी तसे काढले होते. एका आईने शांतपणे पुसायला सांगितलं, मी पुसले. लाल पँट घातलेले मोठे मुलगे-मुली दिसतील, ते 'रुस', म्हणजे बारावीइतकी शाळा संपवणारे. त्यांची स्वतःची छापील कार्डं असतात आणि लहान मुलं ती मागून गोळा करतात. तुमच्या लेकरालाही मागायला पाठवा, भाषेची भीड तिथेच मोडते.

दुपारी शाळेचं मैदान. चमच्यात बटाटा घेऊन धावणं, पोत्यातली शर्यत, डबे पाडणं. आपल्या स्नेहसंमेलनातली लिंबू-चमचा शर्यतच म्हणा. आइस्क्रीम किती खायचं यावर त्या दिवशी मुलांना बंधन नसतं, तुम्हीही घालू नका. तुमची कॉफीची पाळी असेल तर आधी पाच मिनिटं पोहोचा. आणि पाळी संपल्यावरही शेवटी टेबलं उचलायला थांबा. गर्दी गेलेली असते, उरलेला केक सगळे उभ्यानेच खात असतात, आणि खऱ्या ओळखी त्या वेळी होतात.

मूलबाळ नसेल, शिकायला एकटेच गेला असाल, तर दुपारनंतरची मोठ्यांची मिरवणूक तुमची. तिला 'बोर्गर्तोग' किंवा 'फोल्केतोग' म्हणतात, त्यात क्रीडा मंडळं, गायनमंडळं, संघटना चालतात. एप्रिलमध्येच एखाद्या मंडळात नाव घाला, त्यांचा फलक धरायला माणूस हवाच असतो.

१८ मे आणि पुढे

ज्यांच्याकडे न्याहारी झाली त्यांना दुसऱ्या दिवशी आभाराचा छोटा निरोप पाठवा. राहिलेलं ताट घासून परत करा. आपल्याकडे रिकामं भांडं परत देत नाहीत, तर चार सांजोऱ्या घालून द्या.

चौथं वाक्य हे: "ताक फोर सिस्त." गेल्या भेटीबद्दल आभार. १७ मेला भेटलेलं माणूस पुढे कधीही, अगदी ऑगस्टमध्ये दुकानात भेटलं तरी आधी हे म्हणायचं. समोरच्याला कळतं की तुम्हाला ती भेट आठवते आहे.

आणि १५ ऑगस्टला त्यांना घरी बोलवा. तोपर्यंत त्यांची जीभ तुमच्या हाताला थोडी सरावलेली असते, तेव्हा वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी करा. मिरची निम्मी घाला. आजी आल्या की त्यांना पाटावर बसवू नका, वाढायला तुपाची वाटी हातात द्या.